चेटकीण, सुईण आणि कादंबरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या छोट्या वाचनगटात युरोप-अमेरिकेतल्या चेटूक-खटल्यांवरच्या स्त्रीवादी ऐतिहासिक कादंबऱ्या अधूनमधून निघतातच. पुस्तक कुठलंही असो, चहा येईपर्यंत प्रश्न तेच ते आलेले असतात. दर वेळी तोंडी उत्तरं देऊन माझाच घसा बसतो, म्हणून एकदाची लिहून ठेवते. मी इतिहासाची प्राध्यापक नाही. या विषयाची हावरट वाचक आहे, एवढंच.

या कादंबऱ्यांचा साचा एकच असतो का?

बऱ्याचदा असतो. गावाच्या कडेला एकटी राहणारी बाई, परसात औषधी झाडं, आढ्याला टांगलेल्या वाळक्या जुड्या. दिवसा तिच्याकडे न बघणाऱ्या बायका रात्री मागच्या दारानं येतात. मग गावात नवा पाद्री येतो, एखादं मूल दगावतं, गाय आटते, आणि पन्नासेक पानांत सरण रचलं जातं. काळ सोळावं-सतरावं शतक. साचा वाईट नाही, आपल्या ग्रामीण कथेतल्या पाटील-सावकारासारखा तो कामाचा आहे. मात्र चांगली लेखिका तो कुठे मोडते, हे बघण्यात वाचनाची खरी मजा आहे.

हजारो सुईणींना चेटकीण ठरवून जाळलं, हे खरं ना?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि माझं उत्तर ऐकून सर्वांत जास्त चेहरे पडतात तेही इथेच. या स्वरूपात ते खरं नाही.

सुईणींवर संशय होता, याचे पुरावे आहेत. हाइनरिश क्रामर या धर्मगुरूनं १४८६-८७ च्या सुमारास छापलेल्या कुप्रसिद्ध ग्रंथात चेटूक करणाऱ्या सुईणींइतकं नुकसान दुसरं कुणीच करत नाही, असं म्हटलं आहे. जर्मनीत डिलिंगन इथे वालपुर्गा हाउसमानिन या सुईणीला १५८७ मध्ये ठार करण्यात आलं. तिच्या कबुलीजबाबात तिनं मारलेल्या तान्ह्या बाळांची यादीच आहे. असे खटले अंगावर काटा आणतात आणि म्हणूनच लक्षात राहतात.

पण खटल्यांची दप्तरं ओळीनं तपासली की सुईणी फार थोड्या सापडतात. डेव्हिड हार्ली या इतिहासकारानं १९९० मध्ये ‘सुईण म्हणजे चेटकीण’ या समजुतीची चांगलीच झाडाझडती घेतली. गावानं जिच्या हाती आपल्या लेकीसुना सोपवल्या, ती बाई बहुधा पत असलेली असे. इंग्लंडमध्ये तर सुईणीला चर्चकडून परवाना मिळे. १५६७ मध्ये एलेनॉर पीड या सुईणीनं घेतलेली शपथ आजही उपलब्ध आहे. बाळंतपणाच्या वेळी कसलाही जादूटोणा किंवा मंत्रतंत्र वापरणार नाही, असं तिला त्यात कबूल करावं लागलं होतं.

आणि आरोपी बाईच्या अंगावर सैतानाची खूण आहे का, हे तपासायला न्यायालय कुणाला बोलवत असे? पुरुषानं तपासणं बरं दिसत नाही, म्हणून गावातल्या जाणत्या बायकांना. त्यांत सुईण असायची. म्हणजे सुईण त्या कोठडीत होतीच, फक्त आपण तिला जिथे उभी केली तिथे नव्हती.

नव्वद लाख बायका मारल्या, हा आकडा कुठून आला?

क्वेडलिनबुर्ग नावाच्या एका जर्मन गावातून. तिथल्या गॉटफ्रीड क्रिस्टियान फोइग्ट यानं १७८४ मध्ये स्थानिक दप्तरातल्या मोजक्या खटल्यांवरून सगळ्या युरोपाचा आणि कित्येक शतकांचा गुणाकार केला. उत्तर आलं ९४,४२,९९४. शेवटच्या चौऱ्याण्णवांवर माझा फार जीव आहे. पुढे हा आकडा ‘नव्वद लाख’ होऊन पुस्तकांतून फिरत राहिला. १८९३ मध्ये अमेरिकी स्त्रीहक्कवादी मटिल्डा जोस्लिन गेज यांनी तो उचलला, आणि विसाव्या शतकात तो घोषणेसारखा झाला.

आजच्या इतिहासकारांचा अंदाज साधारण ४०,००० ते ६०,००० मृत्युदंडांचा आहे, आणि त्यांत सुमारे तीन-चतुर्थांश ते ऐंशी टक्के बायका. भयानक व्हायला तेवढे पुरेत.

मग सुईण-चेटकीण ही कल्पना आली तरी कुठून?

फ्रान्समध्ये ज्यूल मिशले यांनी १८६२ मध्ये चेटकिणीला गोरगरिबांची एकमेव वैद्य म्हणून उभं केलं. ते इतिहासकार होते, पण या पुस्तकात त्यांच्यातला कवी पुढे आहे. दुसरा मोठा धक्का १९७३ चा. बार्बरा एरनराइख आणि डिअर्ड्रा इंग्लिश यांनी चेटकिणी, सुईणी आणि परिचारिका यांच्यावर एक छोटी पुस्तिका काढली. तेव्हा अमेरिकेत बायका आपल्याच शरीराबद्दल माहिती मिळवण्यासाठी डॉक्टरांशी भांडत होत्या, आणि डॉक्टर बहुतेक सगळे पुरुष होते. पुरुषी वैद्यकानं बायकांचं ज्ञान आधी जाळलं आणि मग त्याची जागा बळकावली, अशी ती मांडणी. आज घाऊक खपणाऱ्या कादंबऱ्यांचं मूळ दप्तरखान्यात कमी आणि या पुस्तिकेत जास्त आहे.

मला त्या पुस्तिकेचा राग येत नाही. बायकांना वैद्यकीतून ढकललं गेलं हे खरंच आहे. पॅरिसमध्ये १३२२ मध्ये जॅकोबा फेलिसी या स्त्रीवर खटला झाला तो विनापरवाना रोगी तपासल्याबद्दल. तिनं बरे केलेले रोगी साक्षीला आले, तरी निकाल तिच्याविरुद्ध गेला. त्यात सैतान कुठेही नव्हता. विद्यापीठाचा कागद होता. सरणापेक्षा ही हकालपट्टी कितीतरी शांतपणे झाली, आणि कादंबरीला शांत गोष्टी परवडत नाहीत.

म्हणजे औषधपाणी करणाऱ्या बायकांवर खटले झालेच नाहीत का?

झाले की. तीन सांगते, कारण तिन्हींची तऱ्हा वेगळी आहे.

स्कॉटलंडमध्ये १५९० च्या सुमारास ट्रॅनेंट गावात गेलिस डंकन ही मोलकरीण आजाऱ्यांना बरं करू लागली. तिच्या मालकाला प्रश्न पडला की हिला हे येतं कसं. त्यानं तिचा छळ केला आणि तिच्या तोंडून नावं काढली. त्यांत अ‍ॅग्नेस सॅम्पसन होती, पंचक्रोशीत रोग ओळखणारी आणि प्रार्थना म्हणून बरं करणारी जाणती बाई. राजा सहावा जेम्स नुकताच डेन्मार्कची राजकन्या अ‍ॅन हिला घेऊन वादळांतून परतला होता, आणि ती वादळं चेटकाचीच, अशी त्याची खात्री पटत चालली होती. १५९१ च्या एका पत्रकात लिहिलंय की लग्नाच्या रात्री नवराबायकोत झालेलं बोलणं अ‍ॅग्नेसनं त्याच्या कानात सांगितलं, तेव्हा त्याचा उरलासुरला संशयही गेला. त्याच वर्षी जानेवारीत एडिनबरोत तिचा गळा आवळून प्रेत जाळलं.

इटलीत टस्कनीमध्ये १५९४ मध्ये गोस्तांझा दा लिब्बियानो ही साठीची बाई पकडली गेली. ती खरोखरच सुईण आणि औषधवाली होती. यातना दिल्यावर तिनं सैतानाच्या सोन्याने मढलेल्या नगरीचं असं वर्णन केलं की चौकशी करणारे ऐकत राहिले. मग फ्लॉरेन्सहून वरिष्ठ अधिकारी आला, त्यानं शांतपणे विचारलं, आणि तिनं सांगितलं की हे सगळं मी मार चुकवायला रचलं. तिला सोडून दिलं. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चची धर्मचौकशी, म्हटलं की आपण लगेच ज्वाळा पाहतो. या खटल्यात तिला वाचवलं ते वरच्या अधिकाऱ्याच्या संशयी स्वभावानं.

तिसरी काथारिना केप्लर, खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर यांची आई. १६१५ मध्ये लिओनबर्ग गावातल्या उर्सुला राइनबोल्ड या बाईनं आरोप केला की काथारिनानं पाजलेल्या पेयानं आपण आजारी पडलो. १६२० मध्ये सत्तरी ओलांडलेल्या काथारिनाला अटक झाली. चौदा महिने ती कैदेत होती. मुलानं आपलं काम बाजूला ठेवून तिचा बचाव लिहिला. यातनांची हत्यारं समोर मांडून तिला घाबरवलं गेलं, ती बधली नाही. १६२१ च्या शरद ऋतूत सुटली आणि पुढच्या वसंतात गेली. यात एक चटका लावणारी गोष्ट आहे. केप्लर यांनी चंद्रावरच्या प्रवासाची एक कल्पित कथा लिहिली होती, आणि तिच्यात निवेदकाची आई जडीबुटी विकणारी, भूतांना बोलावणारी बाई आहे. ते हस्तलिखित आधीच हातोहात फिरलं होतं. आपल्या या गोष्टीमुळे आईवर बालंट आलं असावं, ही शंका त्यांनी पुढे टिपांमध्ये लिहून ठेवली. जडीबुटीवाल्या चेटकिणीवर कथा लिहिणाऱ्या प्रत्येकानं ती टीप एकदा वाचावी.

पण मग चेटकीण ठरवायचं कोण?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि माझ्या मते सगळा विषय इथेच आहे.

गाय आटली, मूल झिजायला लागलं की इंग्लंड-जर्मनीतला शेतकरी आधी पाद्र्याकडे जात नसे. तो गावातल्या जाणत्याकडे किंवा जाणतीकडे जायचा. हरवलेली वस्तू सांगणारे, दृष्ट उतरवणारे, काढे देणारे हे लोक. ते विचारायचे, ‘कुणावर संशय आहे?’ मग पाण्यात किंवा आरशात बघून त्या संशयाला चेहरा द्यायचे. कित्येक खटल्यांची पहिली ठिणगी अशी औषध देणाऱ्याच्या घरात पडली. ज्याला उतारा माहीत, त्याला करणीही माहीत असणार, हा गावचा हिशेब होता. त्यामुळे आज बोट दाखवणारी बाई उद्या त्याच बोटासमोर उभी राहू शकत होती.

नंदुरबारकडच्या ‘डाकीण’ प्रथेबद्दल ज्यांनी वाचलं-ऐकलं आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. तिथेही औषध देणारा आणि डाकीण कोण ते सांगणारा भगत अनेकदा एकच असतो. ‘नाव निघालं’ हा शब्दप्रयोग किती सभ्य वाटतो, बघा.

म्हणून ज्या कादंबरीत जडीबुटीवाली नायिका संतासारखी निष्पाप असते, तिथे माझी जांभई आवरत नाही. तिनं वीस वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं होतं, असं निघालं की मी सावरून बसते.

बाळंतिणीच्या खोलीचा यात काय संबंध?

फार जवळचा. आणि मराठी वाचकाला तो अर्ध्या वाक्यात कळतो, कारण सुवेर, पाचवीची पूजा, सटवाई, बाळंतिणीला आणि बाळाला कुणाची नजर लागू नये म्हणून केलेली खटपट हे आपल्या घरांत अजून पुरतं विसरलेलं नाही.

लिंडल रोपर या इतिहासकार बाईंनी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहराची दप्तरं वाचताना पाहिलं की तिथे आरोपी बऱ्याचदा बाळंतीण सांभाळणाऱ्या बायका होत्या आणि आरोप करणाऱ्या होत्या खुद्द बाळंतिणी. १६६९ मध्ये आना एबेलर या वृद्ध बाईला मृत्युदंड झाला. आरोप असा, की तिनं बाळंतिणीला दारू घालून केलेलं सूप दिलं आणि ती मेली. विचार करा: दिवस भरून मोकळी झालेली, ताप आलेली, झोप उडालेली तरुण बाई. तिच्या उशाशी चाळिशी-पन्नाशी केव्हाच ओलांडलेली, जिला आता मूल होणार नाही अशी परकी बाई. दूध येत नाही, बाळ किरकिरतं. भीतीला जागा हवी असते, आणि सगळ्यांत जवळचा चेहरा तोच असतो.

यात पुरुषी वैद्यक कुठेच नाही. बायकांनी बायकांवर केलेले आरोप स्त्रीवादी लेखिकेला अडचणीचे वाटतात, म्हणून अनेक पुस्तकांत ते गुळमुळीत होतात. रोपर यांनी ते सरळ अंगावर घेतले, आणि म्हणून त्यांचा इतिहास कित्येक कादंबऱ्यांपेक्षा जास्त कादंबरीसारखा वाचावासा वाटतो.

सगळ्यांना जाळत असत का?

नाही. इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेतल्या सेलममध्ये फाशी. स्कॉटलंडमध्ये बहुधा आधी गळा आवळून मग जाळणं. सेलमच्या कथेत सरण आलं, की लेखकानं पहिल्याच पायरीवर ठेच खाल्ली असं समजा.

पुरुषांवर आरोप होत नव्हते?

होत होते. आइसलँडमध्ये आणि नॉर्मंडीत तर शिक्षा झालेल्यांत पुरुषच जास्त. नॉर्वेच्या उत्तर टोकाला सामी जमातीच्या पुरुषांना ढोल वाजवून मंत्र घालणारे म्हणून पकडलं.

त्या उत्तर टोकाच्या वार्डोबद्दल बरंच ऐकलं. तिथे काय घडलं?

वार्डो हे बेटावरचं मासेमारीचं गाव. २४ डिसेंबर १६१७ ला अचानक वादळ उठलं आणि चाळीस पुरुष बुडाले. गावात उरल्या बायका. त्याच सालच्या डॅनिश राजाच्या चेटूकविरोधी फर्मानाची १६२० मध्ये तिथे दवंडी पिटली गेली, आणि पुढच्या वर्षी वादळ आणल्याचे खटले सुरू झाले. सतराव्या शतकात त्या फिनमार्क प्रांतात ९१ जणांचा जीव गेला. २०११ पासून तिथे लुईस बुर्जुआ आणि पीटर झुमथोर यांनी घडवलेलं स्मारक आहे. कोळीवाड्यात वाढलेल्या आमच्या एका मैत्रिणीनं यावरची कादंबरी वाचून एवढंच विचारलं, ‘मग होड्या कोण घेऊन गेलं?’ आपण सगळे चेटकावर बोलत होतो. तिला कळलं होतं की बायकांनी होडी हातात घेणं हीच तिथली मोठी गोष्ट.

त्यांची औषधं खरंच लागू पडत होती?

काही पडत असणार. इथे सगळ्यांना एकच उदाहरण द्यायचं असतं: हृदयविकारावरचं डिजिटॅलिस. ते ज्यापासून मिळतं त्या फॉक्सग्लोव्ह या झाडावर विल्यम विदरिंग या डॉक्टरांनी १७८५ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात ते सांगतात की श्रॉपशरमधल्या एका म्हातारीचा अंगावरच्या सुजेवरचा घरगुती नुस्खा १७७५ मध्ये आपल्याकडे मत मागायला आला. त्यात वीसेक वनस्पती होत्या, त्यांतली कामाची कुठली हे त्यांनी ओळखलं. म्हातारीचं नाव त्यांनी लिहिलेलं नाही. आज इंटरनेटवर तिचं नाव ‘मदर हटन’ म्हणून सर्रास मिळतं. ते जन्मलं १९२८ मध्ये एका औषध कंपनीच्या जाहिरातीत. एका बाईचं नाव पुरुषानं गाळलं, आणि दीडशे वर्षांनी कंपनीनं बनावट नाव चिकटवलं. यावर कुणी कादंबरी लिहीत असेल तर मला पहिली प्रत हवी.

उडण्याच्या लेपाबद्दलही विचारतात. बेलाडोना, हेनबेन ही धोतऱ्याच्याच कुळातली विषारी झाडं, त्यांनी भ्रम होतो हे खरं. म्हणून प्रत्येक आरोपी बाई लेप लावून बसली होती, असं नव्हे. बहुतेक कबुल्यांमागे भ्रम नसून हातपाय बांधणारे, झोपू न देणारे चौकशीवाले होते.

सेलमच्या खटल्यांतली तितुबा खरी होती का?

होती. सेलममध्ये १६९२ च्या फेब्रुवारीत पाद्र्याच्या घरच्या मुली विचित्र वागू लागल्या, तेव्हा मेरी सिब्ली या शेजारणीच्या सांगण्यावरून मुलींच्या लघवीत पीठ कालवून रोट केला आणि कुत्र्याला घातला, म्हणजे चेटकीण कोण ते कळेल. उपाय इंग्लंडहून आलेला गोरा तोडगा होता. त्यात हात असलेली गुलाम तितुबा मात्र आरोपी झाली. १ मार्चला तिनं कबुली दिली. १९ जणांना फाशी झाली, गाइल्स कोरी या म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडलं, आणि कबूल केलेली तितुबा वाचली. तेराएक महिने तुरुंगात राहिली, कुणीतरी तुरुंगाची बाकी भरून तिला विकत घेतलं, आणि तिथून पुढे दप्तर गप्प आहे.

त्या गप्पपणात मरीज कोंदे शिरल्या. ग्वादलूपच्या या लेखिकेची तितुबावरची फ्रेंच कादंबरी १९८६ मध्ये आली. दप्तर तितुबाला ‘इंडियन’ (म्हणजे अमेरिकेतली मूळनिवासी) म्हणतं, कोंदेंनी तिला बार्बाडोसची काळी मुलगी केलं आणि मान याया नावाच्या म्हातारीकडून झाडपाल्याची विद्या शिकवली. इतिहास म्हणून ते टिकत नाही, आणि त्यांनी तसा आवही आणला नाही. तुरुंगात तितुबाला एका प्रसिद्ध अमेरिकी कादंबरीतली नायिका भेटते, आणि दोघी स्त्रीवादावर बोलतात! गटात दर वेळी कुणीतरी वैतागून विचारतं की हे काय. ही थट्टा आहे. गंभीर चेहऱ्यानं वाचली तर हातातून निसटते.

सेलममध्ये सगळ्यांना बुरशी लागलेल्या धान्याची विषबाधा झाली होती म्हणे?

ही अर्गट नावाच्या बुरशीची कल्पना १९७६ ची, आणि त्याच वर्षी तिच्यातली भोकं दाखवली गेली. गंमत अशी की हाच अर्गट पूर्वी सुईणी कळा वाढवायला वापरत. ती गोष्ट जास्त चांगली आहे, पण तिला कुणी विचारत नाही.

मराठीत ‘विच’ला काय म्हणायचं?

चेटकीण म्हटलं की टोपी, झाडू आणि मुलांची गोष्ट डोळ्यांपुढे येते. हडळ मेलेली असते, त्यामुळे ती इथे चालतच नाही. डाकीण हा शब्द आजही खऱ्या बाईचा जीव घेऊ शकतो, म्हणून मी तो युरोपातल्या बाईला सहज चिकटवत नाही. औषध देणाऱ्या बाईला ‘जाणती’ म्हणावं, आरोप झाला की ‘चेटकी’, आणि दोन्ही शब्द एकाच बाईला लावले जाताना वाचकाला दिसू द्यावेत. अनुवादात सगळीकडे ‘चेटकीण’ घातलं की पहिल्या पानावरच निकाल लागून जातो.

आपल्याकडच्या विषयावर अशी कादंबरी लिहायची असेल तर?

लिहा, पण सरण उचलून इकडे आणू नका. आपला माल वेगळा आहे. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात एम.डी.साठी प्रबंध लिहिला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. वीस वर्षांची मराठी मुलगी, अंगावर साडी, आणि परक्या प्राध्यापकांपुढे आपल्याकडच्या बाळंतपणाच्या शास्त्राचा जुना ग्रंथाधार मांडते आहे. तिच्या शेजारी गावच्या सुईणीला उभं करून पाहा, जिचं शास्त्र ग्रंथात नव्हतं.

डाकिणीवर लिहायचं तर आधी २०१३ चा आपला जादूटोणाविरोधी कायदा वाचा. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर चार दिवसांत त्याचा वटहुकूम निघाला. त्याच्या अनुसूचीत एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रानं जनावरांचं दूध आटवते असं भासवण्याचा उल्लेख आहे. युरोपातल्या खटल्यांतही हीच गाय आहे. एवढं मात्र लक्षात ठेवा, की तुमच्या कादंबरीतल्या बाईसारखी बाई आजही एखाद्या पाड्यावर राहत असेल, आणि तिला ‘निसर्गाची कन्या’ म्हणवून घ्यायची मुळीच हौस नसेल.

मूळ कागद कुठून वाचायला सुरुवात करू?

स्कॉटलंडपासून. एडिनबरो विद्यापीठानं १५६३ ते १७३६ मधल्या ३,८३७ आरोपींची माहिती इंटरनेटवर खुली ठेवली आहे. सेलमचे कागद व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संग्रहात मिळतात. वाचताना एक सवय लावून घ्या. कारकून बहुधा ‘ती म्हणते की’ असं लिहितो, आणि प्रश्न काय होता ते गाळतो. तो गाळलेला प्रश्न प्रत्येक ओळीच्या आधी पेन्सिलीनं लिहून काढा. ‘तुझ्याबरोबर आणखी कोण होतं?’ हा एकच प्रश्न इतक्या वेळा लिहावा लागतो, की दुसऱ्या पानापर्यंत पेन्सिलीला टोक करायची वेळ येते.